विठोबा चिकटेना

३० मार्च २०२५, लेमिंग्टन
पाडवा. घड्याळं आजच तासभर पुढे गेली, गुढीला उशीर. दुपारी श्रॉपशरमधल्या एका शेतावर जाऊन गाडी घेतली. १९८४ ची रेंज रोव्हर, चार दारांची, रंग ओल्या वाळूचा. नऊ हजार पौंड. ह्याला, म्हणजे नवऱ्याला, सहा सांगितले.

१ एप्रिल
आत ओल्या कुत्र्याचा वास. विकणाऱ्याकडे तीन लॅब्रॅडोर होते. चालेल.

३ एप्रिल
चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स माफ. वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. विकणाऱ्याने दोन्ही गोष्टी फायदा म्हणून सांगितल्या. मीही फायदा म्हणूनच ऐकल्या.

११ एप्रिल
कागद पोस्टाने आले. मी गाडीची 'नोंदणीकृत कीपर'. हा कागद मालकीचा पुरावा नव्हे, असं त्यावरच छापलंय. म्हणजे राखणदार. माझ्या आधी सहा झाले, मी सातवी.

२६ एप्रिल
बाबा आले. हीथ्रोवर व्हीलचेअर नको म्हणाले. एका बॅगेत भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ. दुसरीत व्हर्नियर, तीन कानशी, एक टाकी आणि आईचा चष्मा. चष्म्याबद्दल विचारलं नाही.

२७ एप्रिल
सकाळी सहाला खाली गेले तर बाबा स्वेटर-मफलर घालून गाडीपाशी. दोन चकरा मारल्या. नारळ पारखावा तसं बोटाच्या पेराने जागोजागी वाजवून पाहिलं. कान गेलेत, पण वाजवायची सवय राहिली आहे. पिंपरीच्या कारखान्यात प्रेसच्या धडधडीत पस्तीस वर्षं काढली, टेल्कोची टाटा मोटर्स झाली ती तिथेच असताना.
"केवढ्याला?"
"सहा हजार."
"म्हणजे पावणेसात लाख." पुढे काही बोलले नाहीत. चहा मागितला.

२९ एप्रिल
बाबांनी लोहचुंबक मागितलं. लांबी भरलेली जागा अशी सापडते म्हणे. पत्रा असेल तिथे चिकटतं, लांबी असेल तिथे गळून पडतं. घरात लोहचुंबक कुठलं? शेवटी फ्रिजवरचा विठोबा काढून दिला, मावशीने पंढरपूरहून आणलेला.
बाबांनी तो दाराला लावला. विठोबा खाली. मागच्या दाराला लावला. खाली. पुढच्या मडगार्डवर, खाली. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं, सगळी गाडी लांबीचीच घेतलीस की काय?"
हसू आवरेना. बाहेरचा बहुतेक पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा आहे बाबा, आतला सांगाडा पोलादाचा.
"मग पोलाद कुठाय ते दाखव."
बॉनेटवर विठोबा खटकन बसला. मग दाराखालचा सिल दाखवला. दारं ज्याच्यावर उभी असतात तो आडवा डबा. तो पोलादाचाच असतो.
बाबा गुडघ्यावर बसले. पुढच्या टोकाला चिकटला. वीतभर मागे सरकवला आणि विठोबा सरळ चिखलात.

३० एप्रिल
डाव्या सिलमध्ये दीड फूट लांबी. उजव्यात त्याहून जास्त. वरून काळं जाड डांबरासारखं फासलेलं. बाबांनी टाकी लावली, हातोडीचा एकच हलका ठोका दिला. खपली पडली तिच्याबरोबर वर्तमानपत्राचा बोळाही आला. तारीख नव्हती. फुटबॉलचं पान होतं.

२ मे
विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर एका ओळीचं : पाहून घेतलीत.

३ मे
पाहून घेतली खरं. वरून पाहिली.

६ मे
अ‍ॅल्युमिनियम का, हे बाबांना सांगायचं म्हणून रात्री वाचत बसले. लढाई संपली तेव्हा इंग्लंडात पोलाद कोट्याने मिळायचं. विमानांच्या कारखान्यांतलं अ‍ॅल्युमिनियम मात्र पडून होतं. रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्सची वेल्समध्ये अँगलसी बेटावर शेती होती. तिथे तो लढाईतली जुनी अमेरिकन जीप राबवायचा. १९४७ साली रेड वॉर्फ बेच्या किनाऱ्यावर त्याने वाळूत एका गाडीची आकृती काढली म्हणतात. ३० एप्रिल १९४८ ला ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर मांडली. नांगरटीपासून पंप चालवण्यापर्यंत सगळ्या कामाची. मोटारींचा धंदा पूर्ववत होईपर्यंत चार पैसे मिळावेत, एवढीच कंपनीची अपेक्षा.
बाबा म्हणाले, "म्हणजे ट्रॅक्टरच."
रेंज रोव्हर नंतरची, १९७० ची.
"म्हणजे कोट घातलेला ट्रॅक्टर."

९ मे
इंजिन चढावर अडखळतं. सपाटीवर ठीक.

१० मे
पहिल्या रेंज रोव्हरचा आतला फोटो बाबांना दाखवला. रेक्झिनच्या सीट, खाली रबरी मॅट. पाण्याची नळी धरून आतून धुता यावी अशी रचना. शेतकऱ्याने आठवडाभर शेणाचे बूट घेऊन बसावं आणि रविवारी धुऊन चर्चला जावं. ही गाडी पॅरिसला लूव्हरमध्येही मांडली होती, औद्योगिक रचनेचा उत्तम नमुना म्हणून. बाबांनी आमच्या सिलकडे पाहिलं. "जाळीकाम आपलंही काही वाईट नाही."

१३ मे
गालिचा उचलला. 'लक्झरी' शब्द गाडीला चिकटला तसे जाड गालिचे आले, त्याखाली फोमचा थर आला. फोम पिळला तर बादलीत पाणी पडलं. काचेच्या रबरातून झिरपायचं, गालिच्याखाली मुरायचं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबला, अंगठा पलीकडे गेला. खाली गवत दिसत होतं.
बाबा बराच वेळ बघत राहिले.
"मिठाने नाही खाल्लं गं हे. गालिच्याने खाल्लंय."
हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यालाच मी दोष देत होते. पण मिठाचा मार खालून. हा पत्रा वरून गेलाय.

१४ मे
कामावर लक्ष नाही. फार्मसीत दोन वेळा तीच चिठ्ठी तपासली.

१७ मे
ज्याने ही गाडी आखली त्या स्पेन किंगबद्दल वाचलं. शहरातल्या लोकांनी मुलांना शाळेत सोडायला असल्या अगडबंब गाड्या काढाव्यात हे त्याला अजिबात पसंत नव्हतं. तसं बोलूनही दाखवलं त्याने. २०१० मध्ये सायकलवरून जाताना एका व्हॅनशी टक्कर झाली, त्यातच गेला. पंच्याऐंशी वर्षांचा होता.
मी रोज सायकलनेच जाते.

२० मे
बाबा सारखे टीव्हीसमोर बसून असतात, आवाज बंद करून. गाडीपाशी गेले की बोलतात.

२४ मे
वेल्डर मिळाला. सत्तरीच्या पुढचा, गावाबाहेर स्वतःची शेड. तरुणपणी सोलिहलच्या कारखान्यात बॉडी शॉपला होता. ह्याच गाड्या जोडायचा. मी घाबरत विचारलं, ही तुमच्या हातची असेल का? म्हणाला, असली तर कबूल करणार नाही.
त्याचं बर्मिंगहॅमी इंग्रजी मला अर्धं कळतं. बाबांना ऐकू येत नाही, म्हणून पूर्ण कळतं.

३१ मे
गाडी शेडमध्ये. बाबा रोज बसने जातात. मफलर सुटला.

४ जून
सिलचा तुकडा तयार मिळतो, पण पायाखालचा पत्रा आणि त्याचा सिलला जोडणारा कोपरा मिळेना. बाबांनी पुठ्ठ्याचं माप काढलं. पत्रा १.२ मिलिमीटरचा. आईचा चष्मा लावून सुईने रेघ मारली. शिकंजात धरून लाकडी हातोडीने वळवला, एकदम नाही, दर ठोक्याला केसभर. पत्र्याला घाई कळते म्हणाले, लगेच सुरकुती धरतो. दोन तासांनी कोपरा बसवून पाहिला तर एका बाजूला कागद जाईल एवढी फट. वेल्डर म्हणाला, चालेल, टाक्यात भरून निघेल. बाबांनी मान हलवली आणि दुसरा पुठ्ठा कापायला घेतला.
वेल्डर माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला, आमच्या वेळी हा माणूस लाइन बंद पाडता!

५ जून
दुसरा कोपरा बसला. कागद जात नाही.

१२ जून
दोघा म्हाताऱ्यांनी दुपारी खडूने शेडच्या दारावर मालकांची यादी केली. रोव्हर. १९६७ ला लेलँड. १९६८ ला ब्रिटिश लेलँड. १९७५ ला सरकारजमा. १९८८ ला ब्रिटिश एरोस्पेस. १९९४ ला बीएमडब्ल्यू. २००० ला फोर्ड. २००८ ला टाटा. वेल्डर पहिल्या चारांपाशीच संपला, त्यातही संपांचीच कहाणी जास्त. शेवटचं नाव बाबांनी स्वतः लिहिलं, मराठीत.

१३ जून
बाबांनी आज आपण होऊन सांगितलं. २००८ च्या मार्चमध्ये बातमी आली, जॅग्वार आणि लँड रोव्हर दोन्ही घेतल्या, २३० कोटी डॉलरला. आईने शिरा केला होता. बाबांना निवृत्तीला वर्ष राहिलेलं. मग जगभर मंदी आली आणि पुढच्या ताळेबंदात कंपनीला एकत्रित अडीच हजार कोटींचा तोटा. शेजारचे म्हणायचे, साहेबाची हत्तीण आणली, आता चारा घाला. बाबांकडे थोडे शेअर होते.
"विकले?"
"तुझी आई नको म्हणाली."

२२ जून
आठ वर्षांत फोर्डनेही घेतली आणि विकली. आपण काय पाहतो? बिल्ला तोच हिरवा.

६ जुलै
आषाढी. साबुदाणा भिजत घातला. विठोबा परत फ्रिजवर, पोटावर ओरखडा आलाय.

११ जुलै
वेल्डिंग संपलं. अठ्ठावीसशे पौंड. बाबांची मजुरी धरलेली नाही.

१३ जुलै
बाबा ग्लोव्हबॉक्समध्ये चिंधी शोधत होते. पावती सापडली असणार. रात्री जेवताना सहज म्हणाले, नऊ हजारांत बाकी इंजिन चांगलं मिळालं. ह्याने वरण वाढून घेतलं. अजून काही बोललेला नाही.

१५ जुलै
अजून नाही.

१९ जुलै
बोलला. सगळं झालं. गाडीच्या नावावर आता हा एक खर्चही.

२६ जुलै
चढावरचं अडखळणं तसंच. प्लग नवे, डिस्ट्रिब्यूटरची टोपी नवी. हे ३५२८ सीसीचं व्ही-८ मूळचं अमेरिकेतल्या ब्युइकचं. त्यांनी सोडून दिलं, रोव्हरने १९६५ मध्ये हक्क घेतले. दुसऱ्याने टाकलेल्या चांगल्या वस्तू घेण्यात ह्या कंपनीचं डोकं पहिल्यापासून चालतं.

२७ जुलै
बाबांनी ठिणगीचा क्रम पाठ केला. एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन. आंघोळीच्या वेळी पाढ्यासारखा म्हणत होते.

२ ऑगस्ट
सापडलं! बाबांनी बॉनेटवर तळहात ठेवला, मला म्हणाले ब्रेक दाबून गिअरमध्ये जोर दे. मग अंधार पडेपर्यंत थांबायला लावलं. अंधारात बॉनेट उघडून पुन्हा जोर दिला. काही दिसलं नाही. पण पाढा म्हणता म्हणता त्यांचं बोट पाच आणि सात वर थांबलं. डाव्या ओळीत हे दोघे शेजारी, आणि क्रमातही लागोपाठ. दोन्हींच्या वायरी कुणीतरी नीटनेटक्या एकत्र बांधल्या होत्या, प्लास्टिकच्या पट्टीने. पाचला ठिणगी जाते तेव्हा शेजारच्या सातमध्येही करंट उमटतो. सात बिचारा वेळेआधी पेटतो.
पट्टी कापली. वायरी एकमेकींपासून वीतभर लांब केल्या. चर्चच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये गेलो.
ती पट्टी मीच बांधली होती, एप्रिलमध्ये. छान दिसावं म्हणून. बाबांना सांगितलं नाही.

९ ऑगस्ट
रस्त्यापलीकडे नवी रेंज रोव्हर आली. लाखाच्या वर पौंड. बाबा खिडकीतून : "अंगाला हात लावू देतील का?" गेल्या वर्षापासून ही पुण्यात जोडतात. बाबा इथवर आले आणि गाडी तिकडे गेली.

१७ ऑगस्ट
१९७२ च्या मोहिमेचं वाचून दाखवलं. अलास्काहून निघून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत दोन रेंज रोव्हर. पनामा-कोलंबियामधलं डेरियनचं जंगल, चारेकशे किलोमीटर, त्याला शंभर दिवस लागले. बाबांनी भागाकार केला. "रोज चार किलोमीटर. मी जॉगिंग ट्रॅकला जास्त चालतो."

२७ ऑगस्ट
गणपती बसले. आरतीला बाबांच्या नखांत ग्रीस.

३ सप्टेंबर
सोलिहलचा कारखाना बंद. सायबर हल्ला झाला, संगणक बंद ठेवलेत, कामगारांना घरी बसवलंय.

१४ सप्टेंबर
अजून बंद. शेजारणीचा मुलगा सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. त्याला सांगितलंय, बोलावू तेव्हा ये. मोठ्या कारखान्याचं यंत्र थांबलं की आधी अशांचा पगार थांबतो. बाबांना चिंचवडचे, भोसरीचे दिवस आठवले. तिथेही एका भोंग्यावर किती शेड चालायच्या.
आमची मात्र सुरू होते. तिच्यात संगणकच नाही.

२८ सप्टेंबर
सरकारने दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली. वेल्डर म्हणाला, १९७५ ची आठवण झाली.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. व्हर्नियर, कानशी, टाकी, लाकडी हातोडी पाटावर मांडल्या. बाबांनी आईचा चष्माही ठेवला.

२ ऑक्टोबर
दसरा. झेंडू मिळाला नाही, सुपरमार्केटातली पिवळी शेवंती ओवली. बॉनेटवर हळद-कुंकू. रस्त्यापलीकडचे लोक फोटो काढून गेले.

५ ऑक्टोबर
अँगलसी. पहाटे पाचला निघालो. वादळ ओसरलं होतं, वारा भरपूर. बाबांनी वाटेत तीन वेळा तेलाचा काटा बघितला, तीन वेळा थर्मासमधला चहा. ब्रिटानिया पुलावरून बेटावर.
रेड वॉर्फ बे. ओहोटी. पाणी कुठे आहे तेच कळेना इतकी वाळू. ह्या जागेची पाटी असेल, पुतळा असेल, असं बाबांना वाटलं होतं. मला काही दिसलं नाही. कुत्री फिरवणारी माणसं, एक पतंग.
बाबांनी छत्रीच्या टोकाने वाळूत रेघ ओढली. मला वाटलं गाडी काढतायत. नव्हे, सिलचा छेद. इथे आतला पत्रा, इथे बाहेरचा, आणि पाणी निघायला भोक इथे हवं होतं, त्यांनी अर्धा इंच मागे ठेवलंय, म्हणून कोपऱ्यात साचतं. मी म्हटलं, वेल्डरने नवीन भोक पाडलंय ना? "पाडलंय. पण तोंड पुढे आहे. मागे हवं. चाकाचं पाणी आत शिरेल." वाऱ्यात ओरडून ओरडून आमचा वाद. एक बाई थांबून बघायला लागली. बाबांनी तिला रेघ दाखवून इंग्रजीत समजावलं. तिने मान डोलावली.
येताना बाबा झोपले.
एकूण ३६४ मैल. पेट्रोल ११८ लिटर, म्हणजे लिटरला पाच किलोमीटरला थोडं कमी. तेल अर्धा लिटर.

८ ऑक्टोबर
सोलिहलचा कारखाना टप्प्याटप्प्याने सुरू.

११ ऑक्टोबर
बाबांनी गाडीखाली झोपून भोकाचं तोंड मागे केलं. मी टॉर्च धरला. अर्धा तास लागला. उठायला दोघांचा हात लागला, माझा आणि ह्याचा.

१२ ऑक्टोबर
हीथ्रो. चष्मा घेऊन गेले, कानशी ठेवून गेले. दिवाळी चिंचवडलाच करायची म्हणाले. परतताना पाऊस, पायाशी कोरडं.

१४ ऑक्टोबर
फोन. पोचले. वायरी लांब आहेत ना, पाच आणि सात? आहेत. मग म्हणाले, पट्टी तू बांधली होतीस हे मला माहीत होतं, आपल्या स्वयंपाकघरातल्या पट्ट्यांचाच रंग.

१९ ऑक्टोबर
गालिचा परत घातला नाही. धुऊन, वाळवून विकला, चाळीस पौंड आले. रबरी मॅट पस्तीसची.